नाणेघाटातील नामलेख आणि दुकानावरील चौकट : व्यापारी चिन्हांच्या वाचनाचा एक विचार

घाटघर ह्या नावाची गावे सह्याद्रीत एकाहून अधिक आहेत. अकोले तालुक्यातील घाटघर जलविद्युत् प्रकल्पामुळे अधिक परिचित झाले. प्रस्तुत विवेचनाचा संबंध आहे तो पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील, जीवधन किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेल्या घाटघराशी. ह्या गावापासून थोड्याच अंतरावर पठार एकदम तुटते आणि नाणेघाटाची अरुंद नाळ कोकणात, मुरबाडच्या बाजूस उतरते. कल्याण व सोपारा ह्या बंदरांवर उतरलेला माल जुन्नरला आणि तेथून पुढे पैठणाकडे नेण्याचा हा एक जुना मार्ग होय. घाटाच्या तोंडाशी जे लेणे आहे, त्यातील नागनिकेच्या लेखाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. १८२८ मध्ये कर्नल साइक्सने ते पाहिले. पुढे भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर आदींनी त्याचे वाचन केले. त्याचा काळ इसवी सनापूर्वीचे पहिले शतक असावा, हे मत आज बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे, जरी तो त्याहून जुना मानणारेही होते.

ह्या लेण्यातील एका साध्या गोष्टीकडे मात्र पुरेसे लक्ष दिले गेलेले दिसत नाही. मागील भिंतीवर सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या उठावाच्या आकृती होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर तिचे नाव कोरलेले होते. आज त्या आकृती नाहीत. काहींच्या पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. नावे मात्र वाचता येतात : सिमुक सातवाहन, देवी नायनिका, श्री सातकर्णी, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरि. नावांचे लेख नसते आणि आकृती शाबूत राहिल्या असत्या, तर त्या कोणाच्या याविषयी विद्वानांत कधीच एकमत झाले नसते. घाटातून जाणाऱ्या वाटसरूला ओळख पटावी म्हणून चेहरा आणि खात्री पटावी म्हणून नाव, अशी ही दुहेरी योजना होती. व्यापारात वापरल्या जाणाऱ्या चिन्हांचा इतिहास पाहू गेल्यास ह्या दोन कार्यांची फारकत वारंवार होताना आणि ती सांधण्याचा प्रयत्नही वारंवार होताना दिसतो. अलीकडे दुकानांच्या फळीवर, भाजीच्या हातगाडीवर आणि देवळाच्या दानपेटीवर जी काळ्यापांढऱ्या घरांची चौकट दिसते, जिला क्यूआर कोड म्हणतात, ती ह्या इतिहासातील सर्वांत अलीकडची आणि एका दृष्टीने सर्वांत विलक्षण पायरी होय. ती माणसाच्या डोळ्यांना वाचताच येत नाही.

नाणेघाटाच्या नावाची उपपत्ती नाण्यांशी जोडण्याची आणि घाटमाथ्यावरील दगडी रांजणात जकात जमा होत असे, असे सांगण्याची परंपरा रूढ आहे. ती खोटी आहे असे म्हणण्याचे कारण नाही. इतक्या वर्दळीच्या घाटात शुल्क घेतले जाणे स्वाभाविकच होते. परंतु लेण्यातील मोठा लेख जकातीचा नाही. तो यज्ञांचा आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेचा आहे. त्याचे महत्त्व येथे वेगळ्या कारणाने आहे. ब्राह्मी अंकचिन्हांचा एवढा मोठा संच इतक्या जुन्या काळात एकत्र आढळण्याचे हे प्रमुख उदाहरण असून, १८७६ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी ह्या अंकांची उकल प्रसिद्ध केली. त्यांत स्थानमूल्य नाही. २४,४०० कार्षापणांची संख्या लिहायची तर वीस हजारांचे चिन्ह, चार हजारांचे चिन्ह आणि चारशेंचे चिन्ह अशी मांडणी करावी लागे. हजाराच्या चिन्हाला गुणकाचे चिन्ह जोडून वीस हजार सिद्ध होई. ही पद्धत अवजड खरी, परंतु तिच्यात एक गुण आहे. एखादे चिन्ह झिजले तर तेवढीच संख्या बिघडते, बाकीच्या चिन्हांचे मूल्य ढळत नाही. स्थानमूल्याच्या पद्धतीत एक शून्य गळाले की सगळा हिशेब दहापट चुकतो. म्हणजे लेखनाची काटकसर जसजशी वाढते, तसतशी चुकीची किंमतही वाढते. आणि ज्या व्यवसायात आकडा म्हणजेच पैसा, तेथे ह्या वाढत्या धोक्यावर काही उपाय योजावाच लागतो.

असा उपाय भारतीय सावकारीने शोधला होता, याचा पुरावा हुंडीत मिळतो. हुंडीमध्ये रक्कम एकदाच लिहून भागत नसे. ती आकड्यांत येई, अक्षरांत येई आणि शिवाय तिच्या निम्म्याचा उल्लेख करून त्याची दुप्पट असे तिसऱ्यांदा सांगितले जाई. हजाराची हुंडी असेल तर पाचशेंची दुप्पट, असा तिचा पाठ. एका ठिकाणी खाडाखोड करणाऱ्याला तिन्ही ठिकाणी सुसंगत खाडाखोड करावी लागे. मूळ हुंडी वाटेत हरवली तर पेठ, तीही हरवली तर परपेठ, अशा क्रमाने प्रती काढण्याचा रिवाज होता. एकच गोष्ट अनेक वाटांनी सांगावी, म्हणजे एक वाट बुजली तरी दुसरीने ती कळते, हे ह्या सर्व व्यवहाराचे तत्त्व. शिवकालीन व पेशवेकालीन पत्रांच्या शेवटी उमटवलेली मर्यादेची मुद्रा ह्याच काळजीतून आली. तिच्यापुढे कोणाला मजकूर वाढवता येऊ नये हा तिचा हेतू. आजही एखादी गोष्ट कायम झाली असे सांगताना मराठी माणूस तिच्यावर शिक्कामोर्तब झाले म्हणतो.

नाण्यांच्या बाबतीत वाचनाचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होता. आहत कार्षापणांवर, म्हणजे ठसे ठोकलेल्या चांदीच्या तुकड्यांवर, नाव नाही, राजाचा चेहरा नाही. पुढील बाजूस पाच चिन्हे आणि मागील बाजूस लहान लहान ठसे एवढेच असते. पुण्यात अध्यापन करीत असलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४० च्या सुमारास तक्षशिलेच्या नाणेसंचयांतील अशा नाण्यांची वजने घेऊन त्यांचा संख्याशास्त्रीय अभ्यास केला. मागील ठशांची संख्या जसजशी वाढते तसतसे नाण्याचे सरासरी वजन घटत जाते, असे त्यांना आढळले. त्यावरून त्यांनी अनुमान काढले, की हे ठसे व्यापाऱ्यांनी वा सराफांनी वेळोवेळी केलेल्या तपासणीचे निदर्शक असावेत. प्रत्येक ठसा म्हणजे नाणे एकदा पारखले गेल्याची नोंद. ह्या अनुमानाच्या तपशिलाविषयी मतभेद झाले, तरी त्यातला मूळ विचार मोलाचा आहे. चिन्हाची विश्वसनीयता ते प्रथम उमटवणाऱ्यापाशी संपत नाही. ते वाचणाऱ्यांच्या साखळीतून ती वाढते किंवा झिजते.

दुसरे उदाहरण महाराष्ट्राच्याच भूमीतले आहे. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे क्षहरात नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा संचय सापडला. त्यात तेरा हजारांहून अधिक नाणी होती आणि त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे पुन्हा उमटवलेले होते : एका बाजूस कमानीदार पर्वत, दुसरीस चार वर्तुळांचे ते चिन्ह, ज्याला नाणकशास्त्रात उज्जयिनी चिन्ह म्हणतात. खाली नहपानाचा चेहरा आणि ग्रीक, ब्राह्मी, खरोष्ठी ह्या तीन लिप्यांतील अक्षरे अनेक नाण्यांवर अर्धवट दिसतच राहिली. चांदी तीच, वजन तेच, परंतु नाणे कोणाचे हे वरच्या ठशाने ठरले. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत हा प्रसंग विजयाची खूण म्हणून येतो, आणि ते बरोबरच आहे. व्यापारी चिन्हांच्या अभ्यासकाने मात्र त्यातून दुसरीच गोष्ट टिपली पाहिजे. ज्याच्या हाती शेवटचा ठसा, त्याचे नाणे. ह्या प्रसंगाचे एक विकृत प्रतिबिंब विसाव्या शतकानंतरच्या बाजारात कसे पडले, ते पुढे येईलच.

आता ज्या चौकटीचा उल्लेख आरंभी केला तिच्या उगमाकडे वळणे प्राप्त आहे. तिचा जन्म बाजारात झाला नाही, कारखान्यात झाला. जाड-बारीक रेघांचा बारकोड अमेरिकेत नॉर्मन वुडलंड व बर्नार्ड सिल्व्हर यांच्या १९५२ च्या पेटंटातून आला आणि जून १९७४ मध्ये ओहायो राज्यातील ट्रॉय येथील एका दुकानात च्युइंग गमच्या पुडीवर प्रथम व्यवहारात वाचला गेला. त्यात सुमारे वीस अक्षरे मावत. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या जपानी कारखान्यांना हे अपुरे पडू लागले. एकाच खोक्यावर अनेक बारकोड चिकटवून ते एकामागून एक वाचावे लागत. डेन्सो ह्या कंपनीत मासाहिरो हारा यांनी एका सहकाऱ्याच्या साह्याने १९९४ मध्ये त्यावर तोड काढली. माहिती एका रेषेत न मांडता उभी व आडवी अशा दोन्ही दिशांनी मांडायची. गो ह्या पटावरील खेळाच्या काळ्यापांढऱ्या सोंगट्यांवरून ही कल्पना सुचल्याचे हारा यांनी सांगितले आहे. चौकटीचे तीन कोपरे व्यापणारे मोठे चौकोन हा त्यातला खरा शोध. यंत्राच्या डोळ्याला पसाऱ्यातून चौकट चटकन सापडावी यासाठी छापील मजकुरात सहसा न आढळणारे काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे प्रमाण त्यांनी शोधले. ते १:१:३:१:१ असे निघाले. कोणत्याही कोनातून छेद घेतला तरी हे प्रमाण तेच राहते, म्हणून चौकट उलटी धरली तरी वाचली जाते. कंपनीने पेटंट घेतले, पण प्रमाणित स्वरूपातील कोडांवर ते न बजावण्याचे जाहीर केले. हे औदार्य होते की दूरदृष्टी, याची चर्चा येथे नको. २००० साली तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला आणि ती कोणालाही विनामूल्य काढता येऊ लागली.

हुंडीतील तिहेरी रकमेचे तत्त्व ह्या चौकटीत गणिताच्या रूपाने आले आहे. आयर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या पद्धतीने मूळ मजकुराबरोबर काही पुरवणी संकेत साठवले जातात. त्यामुळे चौकटीचा काही भाग मळला, फाटला वा झाकला गेला तरी उरलेल्यावरून मूळ मजकूर पुन्हा बांधता येतो. ह्या दोषनिवारणाच्या चार पातळ्या आहेत : सुमारे ७, १५, २५ आणि ३० टक्के. ह्याच सवलतीतून व्यावसायिकांच्या हौसेला वाट मिळाली. तीस टक्के भाग गेला तरी चालतो, मग मधोमध दुकानाचे बोधचिन्ह बसवण्यास काय हरकत, असा विचार पुढे आला आणि स्वतःच्या रंगरूपाची क्यूआर चौकट काढून घेणे हा एक स्वतंत्र व्यवसायच झाला.

ह्या हौसेची किंमत मोजून पाहण्यासारखी आहे. पन्नास अक्षरांचा मजकूर सर्वांत खालच्या पातळीवर २९ घरांच्या चौकटीत बसतो. तोच मजकूर तीस टक्क्यांच्या पातळीवर साठवायचा तर चौकट ४१ घरांची होते. भोवती चार-चार घरांची मोकळी कड आवश्यक असते. ती धरून पाच सेंटिमीटरच्या चिठ्ठीवर पहिल्या चौकटीचे एक घर सुमारे १.३५ मिलिमीटरचे, तर दुसरीचे जेमतेम १ मिलिमीटरचे पडते. घर लहान झाले की फोन अधिक जवळ न्यावा लागतो, हात स्थिर धरावा लागतो, उजेड चांगला असावा लागतो. चौकटीच्या रुंदीच्या दहापट अंतरावरून ती वाचता यावी असा एक ठोकताळा छपाईच्या व्यवसायात आहे. पण तो सावलीतल्या कोरड्या कागदाला लागू. घाटमाथ्यावरील पावसाळ्यात, जेथे धुके दुकानात शिरते आणि चिठ्ठीवरील प्लास्टिकच्या आवरणावर थेंब साचतात, तेथे त्यावर विसंबता येत नाही. आणखी एक गोष्ट विसरली जाते. तीस टक्क्यांची तजवीज बोधचिन्हासाठी केलेली नसून मळ, ओरखडे आणि ओल यांच्यासाठी आहे. बोधचिन्हाने त्यातील बहुतांश वाटा आधीच खाल्ला, तर पहिल्या तेलकट बोटाबरोबर चौकट मुकी होते. चौकटीत सर्वत्र सारखी सवलत आहे असेही नाही; तीन कोपऱ्यांचे चौकोन झाकले तर उरलेले सगळे निर्दोष असूनही यंत्राला काही सापडत नाही.

रंगाविषयीही असेच. यंत्र रंग वाचत नाही, उजेड आणि अंधार यांतील अंतर वाचते. गडद निळा, गडद हिरवा, जांभळा हे पांढऱ्यावर चालतात. आपल्याकडे आवडीचे असलेले झेंडूचे पिवळे आणि भगवे हे रंग पांढऱ्या कागदावर डोळ्याला उठून दिसतात, पण यंत्राच्या दृष्टीने फिकटच ठरतात. ते हवेच असतील तर चौकटीबाहेरील पट्टीत घ्यावेत. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी घरे काढण्याची टूम दिसायला देखणी असली तरी सगळी यंत्रे ती वाचतीलच असे नाही. घरांचे कोपरे गोल करण्याने मात्र फारसे बिघडत नाही, कारण यंत्र प्रत्येक घराचा मध्य तपासते. एकंदरीत पाहता, चौकटीच्या आतील सजावटीला आज जे महत्त्व दिले जाते ते तिच्या योग्यतेपेक्षा बरेच जास्त आहे, असे म्हणावे लागते. सजावटीची खरी जागा चौकटीभोवती आहे.

मराठी व्यावसायिकाच्या दृष्टीने एक अडचण अधिक मूलगामी आहे. जपानी अभियंत्यांनी आपल्या कांजी लिपीसाठी ह्या चौकटीत स्वतंत्र सोय केली. एका कांजी अक्षराला तेरा बिटांची जागा पुरते. देवनागरीला अशी सोय नाही. तिचे प्रत्येक वर्णचिन्ह प्रचलित पद्धतीने तीन बाइट, म्हणजे चोवीस बिट घेते, आणि काना, मात्रा, वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. जालावरील पत्त्यात वा पैसे देण्याच्या दुव्यात तीच अक्षरे घालायची तर आणखी विस्तार होतो : एकेका चिन्हाला नऊ रोमन अक्षरांची जागा. ‘घाटघर’ ह्या शब्दात पाच चिन्हे आहेत. दुव्यात ती पंचेचाळीस जागा घेतात. नावाशिवायचा दुवा पन्नास अक्षरांचा असेल तर पंधरा टक्क्यांच्या पातळीवर तो ३३ घरांत मावतो. हे एक गावाचे नाव मराठीत जोडताच चौकट ४१ घरांची होते. दुव्यात नाव रोमनमध्ये घालण्याकडे असलेला कल हा भाषेविषयीच्या उदासीनतेतून आला असे म्हणून भागणार नाही. त्याला हे गणितही कारण आहे. उपाय असा, की मराठी नाव चौकटीच्या पोटात न घालता तिच्या डोक्यावर छापावे.

व्यापारी उपयोगाच्या दृष्टीने क्यूआर चौकटीचे दोन प्रकार करावे लागतात. स्थिर चौकटीत जे साठवले ते कायमचे. पत्ता बदलला तर चौकट नव्याने छापावी लागते. दुसऱ्या, डायनॅमिक म्हटल्या जाणाऱ्या प्रकारात चौकटीत साठवलेला पत्ता मध्यस्थाचा असतो आणि तो मध्यस्थ ग्राहकाला हव्या त्या ठिकाणी पुढे पाठवतो. दुकानदाराला दरपत्रक वा जाहिरात बदलता येते, किती लोकांनी चौकट वाचली हे कळते. ही सोय मोठी आहे. परंतु मध्यस्थाची वार्षिक फी थकली किंवा त्याचा धंदाच बंद पडला, तर खोक्यांवर, पाट्यांवर आणि पिशव्यांवर छापलेल्या हजारो चौकटी एका दिवसात निरर्थक होतात. कागदावर काहीच बिघडलेले नसते, पण चौकट ज्याकडे बोट दाखवीत होती तेच नाहीसे झालेले असते. नाणेघाटच्या लेखकाने नाव दगडात कोरले, दगडाबाहेरच्या कोणावर सोपवले नाही. आजचा दुकानदार मात्र पुष्कळदा आपले नाव भाड्याच्या दगडावर कोरून घेतो आणि तो दगड भाड्याचा आहे हे त्याला ठाऊक नसते.

पैशाच्या देवघेवीत ह्या चौकटीने भारतात जो प्रवेश केला त्याचा काळ फार थोडा आहे. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआयचा प्रारंभ झाला, त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी आली, फेब्रुवारी २०१७ मध्ये भारत क्यूआर जाहीर झाला. प्रथम प्रत्येक कंपनीची चौकट वेगळी, आणि एकीची दुसरीच्या ग्राहकाला वाचता येत नाही, अशीही स्थिती होती; दुकानाच्या फळीवर तीन-तीन, चार-चार चिठ्ठ्या डकवलेल्या असत. ह्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष मुंबई आयआयटीचे प्राध्यापक दीपक फाटक होते. समितीच्या अहवालानंतर २२ ऑक्टोबर २०२० च्या परिपत्रकाने कोणत्याही कंपनीला स्वतःपुरती नवी चौकट काढण्यास मनाई करण्यात आली, आणि जुन्या चौकटी सर्वांना वाचता येतील अशा करण्यास ३१ मार्च २०२२ ही मुदत देण्यात आली. नाणकशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर हे चलनाचे एकीकरण होय. आपापले ठसे ठोकणाऱ्या अनेक टांकसाळींच्या जागी एक मान्य ठसा आला, आणि तोही राज्याच्या चेहऱ्याशिवाय.

शासनाने चौकटीचा वापर सक्तीचा केल्याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण महारेराचे आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून गृहप्रकल्पाच्या प्रत्येक जाहिरातीत क्यूआर कोड छापणे बंधनकारक झाले. तो वाचला की प्रकल्पाच्या नोंदणीची माहिती समोर येते. जाहिरातीतील चित्र विकासकाचे आणि चौकटीमागची नोंद प्राधिकरणाची, अशी येथे वाटणी आहे. जुन्नरच्या लेण्यांत धान्यविक्रेत्यांच्या श्रेणीने सात खोल्यांच्या लेण्याचे व पाण्याच्या टाक्याचे दान कोरून ठेवले, तेव्हा त्या लेखाला अर्थ होता तो श्रेणी ही कायम टिकणारी संस्था होती म्हणून. लेखामागे कोण उभे आहे, हाच तेथेही प्रश्न होता.

आता जोगळटेंभीच्या नाण्यांकडे परत यावयाचे. माणसाला जी चौकट वाचता येत नाही, तिच्यावर दुसरी डकवली तर ते कळणार कसे? जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील खजुराहो येथे काही दुकानांच्या चौकटींवर रातोरात दुसऱ्याच खात्याच्या चिठ्ठ्या चिकटवल्याचा प्रकार उघडकीस आला. ग्राहकांनी पैसे दिले, ते भलतीकडे गेले; चौकट जागच्या जागी होती आणि दिसायला पूर्वीसारखीच होती. गौतमीपुत्राच्या ठशाखाली नहपानाचा चेहरा डोकावत राहिला म्हणून नाण्याची जुनी ओळख कायमची मिटली नाही. कागदी चिठ्ठीखाली काय आहे ते कोणालाच दिसत नाही. चौकटीला दुकानाचे बोधचिन्ह, रंग आणि भोवतालची पट्टी देण्याचे खरे समर्थन येथे सापडते. ती सजावट यंत्रासाठी निरुपयोगी आहे, पण गिऱ्हाइकाच्या आणि दुकानदाराच्या डोळ्यांसाठी ती खूण आहे. तिच्यावर परकी चिठ्ठी आली तर खूण नाहीशी झाल्याचे लक्षात येते. ह्यासाठी चौकट कागदी चिठ्ठीवर न छापता दुकानाच्या पाटीबरोबर एकसंध छापणे अधिक बरे, कारण पाटीवर डकवलेल्या चिठ्ठीची कड बोटाला लागते. रक्कम जमा होताच ती मोठ्याने सांगणाऱ्या ध्वनिपेट्या दुकानांत आल्या, त्यांचेही कारण हेच. डोळ्याने वाचता येईना, म्हणून कानाची मदत घ्यावी लागली.

तरीही बोधचिन्ह बनावट करता येते. ते करणे, खरे पाहता, राजमुद्रा बनावट करण्याहून पुष्कळच सोपे आहे. म्हणून शेवटची भिस्त नावावर राहते. पैसे देणाऱ्याच्या फोनवर चौकट वाचल्यावर जे नाव उमटते, ते पूर्वी चौकटीतच साठवलेले किंवा ग्राहकाने स्वतः ठेवलेलेही असू शकत असे. एप्रिल २०२५ मध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने ही मुभा काढून घेतली. चौकटीतून उचललेले नाव दाखवायचे नाही, पैसे ज्याला पोचणार त्याचे बँकेच्या नोंदीतील नावच दाखवायचे, असा दंडक घालून त्यासाठी ३० जून २०२५ ही मुदत देण्यात आली. ह्या बदलाने चौकटीच्या पोटात मराठी नाव घालण्याचा उरलासुरला उपयोगही संपला, परंतु दुसरा प्रश्न पुढे आला. लहान दुकानाची पाटी एका नावाची आणि बँकेतील खाते मालकाच्या वा त्याच्या घरातील कोणाच्या नावाचे, ही आपल्याकडील सर्वसाधारण स्थिती आहे. पाटीवर देवाचे नाव, फोनवर अनोळखी माणसाचे, ते पाहून गिऱ्हाईक बोट थांबवते आणि विचारते, ‘हेच नाव ना?’ दुकानदार होय म्हणतो. पण खजुराहोच्या दुकानांत ज्या दिवशी परक्या चिठ्ठ्या होत्या, त्या दिवशीही गिऱ्हाइकाला एक नाव दिसलेच असणार. चौकटीच्या डोक्यावर दुकानाचे नाव आणि त्याखाली बँकेत नोंदलेले नाव, दोन्ही ठळक देवनागरीत छापली, तर हा प्रश्न विचारण्यापूर्वीच गिऱ्हाइकाला ताडून पाहता येते. स्वतःच्या दुकानासाठी क्यूआर चौकट घडवून घेणाऱ्याने रंग आणि बोधचिन्हाच्या आधी ह्या दोन ओळींची जागा ठरवावी.